वाचनात अडखळणारी मुले : पारख आणि आधार

प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेत धड्याचे प्रकट वाचन चालू असता काही मुले आपली पाळी येताच उभी राहतात, ओळीवर बोट ठेवतात आणि धडा घडाघडा म्हणून दाखवितात. त्यांचे बोट एका शब्दावर असते आणि तोंडी मात्र पुढचा शब्द असतो. आधीच्या मुलांचे ऐकून तो परिच्छेद त्यांना पाठ झालेला असतो. अशा मुलास मधलीच एखादी ओळ वाचावयास सांगितली की ते थांबते. वर्गात हशा पिकतो, शिक्षक ‘बस खाली’ म्हणतात आणि पाळी पुढे सरकते. त्या दिवशी ते मूल वाचनाविषयी काहीच शिकत नाही. मात्र आपल्याला वाचता येत नाही ही गोष्ट लपवून कशी ठेवावी, हे ते फार चांगले शिकते.

पहिल्या दोन इयत्तांत मूल वाचावयास शिकते आणि त्यानंतर वाचून शिकते, असे सामान्यतः म्हटले जाते. तिसरीपासून परिसराचा अभ्यास, इतिहास, इतकेच नव्हे तर गणितातील उदाहरणेही वाचनाच्या वाटेनेच मुलापर्यंत पोहोचतात. ही वाट बंद असली म्हणजे सर्वच विषय बंद होतात. १९८८ मध्ये कॉनी ज्युएल या अमेरिकन संशोधिकेने टेक्सस राज्यातील ५४ मुलांचा पहिलीपासून चौथीपर्यंत केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलीच्या अखेरीस वाचनात मागे असलेले मूल चौथीच्या अखेरीसही मागेच असण्याची शक्यता १०० पैकी ८८ इतकी मोठी असल्याचे तीत आढळले. मूल मुळातच कमी बुद्धीचे असते, असा याचा अर्थ नव्हे. कमी येते म्हणून कमी वाचले जाते आणि कमी वाचले म्हणून आणखी कमी येते, असे हे चक्र आहे. बाहेरून कोणी हात दिल्यावाचून ते सहसा थांबत नाही.

भारतातील चित्र याहून निराळे नाही. ‘असर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाहणीत २००५ पासून ग्रामीण भागातील मुलांचे वाचन घरोघरी जाऊन तपासले जात आले आहे. २०२४ च्या पाहणीत ६०५ ग्रामीण जिल्ह्यांतील साडेसहा लाखांच्या आसपास मुलांचा समावेश होता. तिसरीतील केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. पाचवीत हे प्रमाण ४८.८ टक्के होते. म्हणजे प्राथमिक शाळेची पाच वर्षे संपत आलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले तीन इयत्ता खालचा मजकूरही वाचू शकत नव्हती.

अशा मुलांसाठी दोन प्रकारचे सल्ले नेहमी दिले जातात. त्यांची वरचेवर चाचणी घ्यावी, हा एक. त्यांना मायेने वागवावे, हा दुसरा. हे दोन सल्ले बहुधा वेगवेगळ्या तोंडून येतात आणि जणू ती दोन निरनिराळी कामे असावीत, अशा रीतीने दिले जातात. वस्तुतः ते एकच काम आहे. आधाराविना चाचणी घेतली तर भीती वाढते. चाचणीविना आधार दिला तर मुलाचे सांत्वन होते, पण ते जेथे असते तेथेच राहते. मुलाला काय येते आणि काय येत नाही हे शिक्षकाने जवळ बसून, नेमकेपणाने आणि न रागावता पाहणे, हाच त्या मुलास मिळू शकणारा सर्वांत मोठा आधार होय.

देवनागरी वाचताना मूल काय करते

पारख करावयाची तर वाचनाच्या पायऱ्या प्रथम ध्यानी घ्याव्या लागतात. देवनागरी लिपी उच्चाराशी बरीच प्रामाणिक आहे. लिहिले तसे वाचावे, असे म्हणता येते. त्यामुळे ती सोपी आहे, असा समज रूढ झाला आहे. परंतु लहान मुलाच्या बाजूने पाहिले म्हणजे तिच्यातील अडचणी दिसू लागतात.

पहिली अडचण चिन्हांच्या संख्येची. मूळ व्यंजने तीसहून अधिक; प्रत्येकाची बाराखडी; त्यांवर जोडाक्षरे. म्हणजे ओळखावयाच्या आकृत्या काहीशे होतात. दुसरी अडचण सारखेपणाची. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य यांच्यात एखाद्या रेघेचा किंवा वळणाचाच फरक असतो. काही ठिकाणी ‘ख’ हे अक्षर ‘रव’ असे वाचले जाते आणि त्यात मुलाचा काही दोष नसतो. तिसरी अडचण क्रमाची. ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी लिहितात, पण उच्चार मात्र व्यंजनानंतर होतो. ‘पर्वत’ या शब्दात रफार ‘व’च्या डोक्यावर बसतो, पण उच्चार ‘व’च्या आधी येतो. डावीकडून उजवीकडे वाचावयाचे, हा नियम नुकताच शिकलेल्या मुलाला लिपी येथे चकविते.

या सर्व पायऱ्या पार केल्यावरही वाचन पूर्ण होत नाही. अक्षरे जुळवून शब्द झाला पाहिजे, शब्द जुळून वाक्य झाले पाहिजे आणि वाक्यातून अर्थ उमटला पाहिजे. अक्षरे सोडविण्यातच सारी शक्ती खर्च झाली, तर वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विस्मरणात जातो. म्हणून वाचनाला काही एक वेग यावा लागतो. तो शर्यतीसाठी नव्हे, तर मनाला अर्थाकडे वळावयास सवड मिळावी यासाठी.

यावरून ध्यानात येईल की ‘त्याला वाचता येत नाही’ या वाक्याने शिक्षकाला काहीच कळत नाही. पायरी कोणती सुटली, हे कळल्यावाचून उपाय करता येत नाही.

परीक्षा आणि पारख

परीक्षा मुलाला गुण देते. पारख शिक्षकाला उद्याचे काम देते. हा भेद बोलण्यात सोपा आणि व्यवहारात अवघड आहे.

शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील तरतुदीनुसार शाळांमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. एका वार्षिक परीक्षेऐवजी मुलाची प्रगती वर्षभर पाहावी, हा त्यामागील हेतू निःसंशय चांगला होता. पुढे हरियाणातील महेंद्रगढ व कुरुक्षेत्र या जिल्ह्यांतील शाळांत या योजनेचा परिणाम काळजीपूर्वक तपासण्यात आला. काही शाळांतील शिक्षकांना सतत मूल्यमापनाचे प्रशिक्षण दिले गेले. काही शाळांत दिवसाचा एक तास राखून मुलांची इयत्तेनुसार नव्हे, तर हिंदी वाचनाच्या पातळीनुसार फेरवाटणी करण्यात आली आणि त्या त्या पातळीला अनुरूप असे शिकविण्यात आले. जेथे केवळ मूल्यमापनाची योजना होती, तेथे मुलांच्या वाचनात लक्षणीय फरक पडला नाही. जेथे पातळीनुसार शिकविले गेले, तेथे तो पडला.

या अनुभवाचा अर्थ मूल्यमापन निरुपयोगी आहे, असा करणे चूक ठरेल. पातळीनुसार वाटणी करावयाची तरी मुलांची तपासणी आधी करावीच लागली होती. फरक एवढाच की तेथे तपासणीचा निष्कर्ष नोंदवहीत पडून राहिला नाही. मूल अक्षरांच्या पायरीवर आहे असे दिसताच ते दुसऱ्याच दिवशी अक्षरांच्या गटात बसले. ज्या नोंदीमुळे दुसऱ्या दिवशीच्या पाठात काही बदल होत नाही, ती नोंद शिक्षकाच्या श्रमात भर घालते, मुलाच्या वाचनात नव्हे.

पातळी ओळखण्याचे साधन अगदी साधे असू शकते. ‘असर’च्या पाहणीत वापरला जाणारा कागद याचे चांगले उदाहरण आहे. त्यावर काही अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, एवढेच असते. प्रथम मुलाला परिच्छेद दाखवितात. तो वाक्यासारखा आणि तीनपेक्षा अधिक चुका न होता वाचला, तर गोष्ट देतात. न जमल्यास शब्दांकडे येतात. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले, तर ते मूल शब्दांच्या पायरीवर धरले जाते; नाहीतर अक्षरे दाखवितात. एका मुलासाठी काही मिनिटे पुरतात. हे सारे तोंडी, एका वेळी एकाच मुलासमवेत चालते. प्रत्येक शाळेने असा कागद स्वतः तयार करावा. धड्यातील मजकूर मात्र घेऊ नये, कारण तो पाठ असतो.

चूक वाचावयास शिकणे

पातळी कळली म्हणजे गाव कळले. घर अजून शोधावयाचे असते. त्यासाठी मुलाच्या चुका जवळून पाहाव्या लागतात. या कामाची एक व्यवस्थित रीत न्यूझीलंडमधील बालमानसशास्त्रज्ञ मेरी क्ले (१९२६–२००७) यांनी घालून दिली. मूल सुमारे शंभर शब्दांचा मजकूर वाचत असता शिक्षकाने शेजारी बसून प्रत्येक बरोबर शब्दासाठी एक खूण करावी. चुकीचा शब्द मुलाने जसा उच्चारला तसाच लिहून ठेवावा. गाळलेला शब्द, मागितलेली मदत आणि मुलाने स्वतःहून केलेली दुरुस्ती वेगवेगळ्या खुणांनी दाखवावी. शंभरांत पंच्याण्णव किंवा अधिक शब्द बरोबर आले, तर तो मजकूर मुलास सोपा. नव्वद ते चौऱ्याण्णव आले, तर मदतीने शिकण्यास योग्य. त्याहून कमी आले, तर अवघड, असे ढोबळ प्रमाण त्यांनी सुचविले.

हे प्रमाण मराठीस जसेच्या तसे लावता येणार नाही. इंग्रजीत जे तीन-चार शब्दांत सांगितले जाते, ते मराठीत ‘विहिरीवरून’ अशा एका शब्दात सामावते आणि त्यात चुकण्याच्या जागाही अधिक असतात. शिवाय क्ले यांच्या पद्धतीतील एक भाग पुढे वादग्रस्त ठरला. शब्द अडला तर चित्रावरून व संदर्भावरून तो ओळखावा, असे मुलांना सुचविले जाई. तसे केल्याने मूल अक्षरांकडे दुर्लक्ष करावयास शिकते, असा आक्षेप अभ्यासकांनी घेतला. त्यांच्या उपचारवर्गांतील मुले काही वर्षांनी उलट मागे पडल्याचे अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत २०२२ मध्ये पुढे आले. तेव्हा अंदाज बांधण्याची सवय लावणे टाळावे. चूक नोंदवून ती समजून घेण्याची दृष्टी मात्र घ्यावी.

उदाहरणार्थ, पुढील वाक्य पाहू : ‘माधवने विहिरीतून पाणी काढले आणि रोपांना घातले.’ समजा, एखाद्या मुलीने ते असे वाचले : ‘माघवने वहरतून पाणी काढले आणि रोपाना धातले.’ गुण द्यावयाचे तर सातपैकी चार शब्द चुकले आणि मुलगी नापास झाली. पण चुका लक्ष देऊन पाहिल्या तर निराळेच दिसते. तिला काना, मात्रा आणि उकार वाचता येतात. ध आणि घ यांची तिच्या मनात अदलाबदल झाली आहे. ती एकदा नव्हे, दोनदा झाली आहे, म्हणजे ती नजरचूक नाही. ‘विहिरीतून’ या शब्दातील ऱ्हस्व आणि दीर्घ असे सर्व इकार तिने सोडून दिले आहेत. अनुस्वारही सुटला आहे.

आता उपाय आपोआप सुचतो. ‘घार–धार’, ‘घाव–धाव’, ‘घर–धर’ अशा जोड्या चार दिवस खेळावयास द्याव्यात. मग ‘दवा–दिवा’, ‘पता–पिता’, ‘खार–खीर’ या जोड्या घ्याव्यात. जेथे शक्य असेल तेथे शब्दाबरोबर चित्र किंवा वस्तू ठेवावी, म्हणजे एका चिन्हाने अर्थ कसा पालटतो, हे मुलीला दिसेल. अनुस्वार तूर्त सोडून द्यावा. सर्व चुका एकाच दिवशी सुधारण्याचा आग्रह धरला, तर एकही सुधारत नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेवढ्याच लांबीचा नवा मजकूर द्यावा. ध–घ स्थिरावले असतील तर पुढे जावे. नसतील तर उपाय बदलावा. मुलीला बोल लावू नये.

चुकांइतकेच महत्त्व स्वतः केलेल्या दुरुस्तीला आहे. एखादे मूल ‘आईने दवा लावला’ असे वाचून थबकते, मागे पाहते आणि ‘दिवा लावला’ असे म्हणते. परीक्षेच्या दृष्टीने ते अडखळले. वस्तुतः त्या क्षणी ते खरेखुरे वाचक झाले. जे वाचले ते अर्थाशी जुळत नाही हे त्याला जाणवले आणि त्याने पुन्हा अक्षरांकडे जाऊन खात्री करून घेतली. अशी दुरुस्ती दिसावयास हवी असेल, तर शिक्षकाने चूक होताच मध्ये तोंड घालता कामा नये. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजावे आणि मगच मदत करावी. ही लहानशी वाट पाहणे मुलाला सांगून जाते की तुला हे जमेल, असा विश्वास येथे कोणाला तरी आहे.

काही मुलांची अडचण अगदी वेगळी असते. ती प्रत्येक शब्द बरोबर वाचतात, परंतु सुटा सुटा. गोष्ट संपल्यावर तीत काय घडले, ते त्यांना सांगता येत नाही. अशा मुलांस नवी अक्षरे शिकविण्यात अर्थ नाही. त्यांना सोपा मजकूर पुन्हा पुन्हा वाचू द्यावा, शिक्षकाच्या सुरात सूर मिसळून वाचू द्यावा आणि वाचल्यावर त्याविषयी बोलू द्यावे.

भीती आणि लाज

वाचता न येणारे मूल वर्गात काय काय करते, याकडे लक्ष दिल्यास भीतीचे अनेक वेष दिसतात. कोणी पाळी येण्याच्या सुमारास पाणी पिण्यास जातो. कोणी पुस्तक घरी विसरतो, आणि ते रोजच विसरतो. कोणी खोड्या काढतो, कारण वाचता येत नाही म्हणून हसे होण्यापेक्षा खोडकर म्हणून शिक्षा होणे त्याला परवडते. कोणी पोट दुखत असल्याचे सांगतो, आणि ते खरोखरच दुखत असते. याला आळस किंवा उद्धटपणा म्हणणे सोपे आहे. परंतु घाबरलेले मन अक्षरांवर ठरत नाही; त्याचे सारे लक्ष सुटकेच्या वाटेकडे असते.

म्हणून पहिला नियम असा की जे मूल अडखळते त्याला न विचारता, तयारी न करून घेता सर्वांसमोर वाचावयास लावू नये. त्याचे वाचन शिक्षकाने एकट्याने ऐकावे. वर्गासमोर त्याने वाचावे असे वाटत असेल, तर दोन ओळी आदल्या दिवशी नेमून द्याव्यात आणि त्या त्याच्याकडून आधी वाचून घ्याव्यात. दुसरा नियम असा की गटांना ‘हुशार’, ‘मठ्ठ’ किंवा ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी नावे देऊ नयेत आणि गट कायमचे ठेवू नयेत. दर काही आठवड्यांनी पुन्हा पारख करून मुले पुढच्या गटात गेली पाहिजेत. ज्या गटातून कोणी बाहेर पडत नाही, तो गट नव्हे, ती कोंडी आहे.

तिसरा नियम स्तुतीविषयी आहे. ‘शाबास, तू हुशार आहेस’ हे वाक्य अडखळणाऱ्या मुलाला खरे वाटत नाही; आपण हुशार नाही, याचे पुरावे त्याच्यापाशी भरपूर असतात. त्याऐवजी ‘तू थांबलीस, पुन्हा पाहिलेस आणि “दिवा” वाचलेस’ असे म्हणावे. हे नाकारता येत नाही, कारण ते घडलेले असते. अशी नेमकी स्तुती करावयाची, तर शिक्षकाने नेमके पाहिलेले असावे लागते. पारख आणि आधार एकच आहेत, हे येथे प्रत्यक्ष दिसून येते. गेल्या महिन्याची नोंद मुलापुढे ठेवून ‘तेव्हा हे सहा शब्द अडले होते, आज दोनच अडले’ असे त्याला दाखविता येते. दुसऱ्या मुलाशी तुलना केल्याने जे मूल खचते, तेच स्वतःच्या कालच्या वाचनाशी तुलना केल्याने उभारी धरते.

न्यूझीलंडमधीलच सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर (१९०८–१९८४) या शिक्षिकेने माओरी मुलांच्या शाळेत केलेले काम या संदर्भात मनन करण्याजोगे आहे. ‘टीचर’ या १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी ते वर्णिले आहे. परक्या जीवनावरील वाचनपाठांतले चार-दोन साधे शब्दही त्यांच्या मुलांना महिनोनमहिने येत नसत. त्यांनी पुस्तक बाजूस सारले आणि प्रत्येक मुलाला रोज एक शब्द मागू दिला. मुले आईचा, भुताचा, भांडणाचा शब्द मागत. बाई तो जाड पुठ्ठ्यावर लिहून देत आणि तो त्या मुलाच्या मालकीचा होई. दुसऱ्या दिवशी सर्व पुठ्ठे जमिनीवर पसरले जात आणि जो तो आपला शब्द शोधून काढी. एखाद्याला आपला शब्द ओळखता आला नाही, तर तो पुठ्ठा काढून टाकला जाई. तो शब्द त्या मुलाच्या मनातला नव्हता, एवढाच त्याचा अर्थ घेतला जाई.

येथे रोजच्या रोज चाचणी होती, पण नापास कोणी होत नव्हते. चूक ठरे ती शब्दाची, मुलाची नव्हे. सर्व वाचनशिक्षण या एकाच युक्तीवर उभारता येणार नाही. अक्षरांची क्रमवार ओळख त्याला जोडावीच लागते. परंतु भीतीने ज्याचे तोंड बंद झाले आहे, अशा मुलाचा वाचनाशी पुन्हा परिचय करून देण्यास त्याच्याच ओठावरचा शब्द उपयोगी पडतो.

घरची भाषा

एक चूक मुलाची नसून शाळेची असते. भारतातील असंख्य मुले शाळेत जी भाषा वाचतात, ती त्यांच्या घरची भाषा नसते. बिहारमधील मुलाच्या घरी मैथिली किंवा भोजपुरी बोलली जाते आणि पुस्तक हिंदीत असते. मेळघाटातील मूल कोरकू बोलते आणि पुस्तक मराठीत असते. असे मूल छापील शब्द अचूक उच्चारूनही त्याचा अर्थ लावू शकत नाही किंवा अर्थ बरोबर लावून शब्द आपल्या बोलीच्या वळणाने उच्चारते. पहिली गोष्ट वाचनाची अडचण नसून शब्दांशी परिचय नसण्याची आहे. दुसरी तर मुळी चूकच नाही. बोलीतील उच्चार चूक म्हणून नोंदविला, तर पारखच खोटी ठरते आणि आपल्या आईची भाषा शाळेला मान्य नाही, हेही मुलाला त्याबरोबर कळते. निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिक्षण व्हावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने म्हटले आहे. धोरण वर्गापर्यंत येईतो शिक्षकाला एवढे तरी करता येते, की गोष्टीविषयीची चर्चा मुलाला त्याच्या बोलीत करू द्यावी.

घरातील माणसांनाही या कामात घेतले पाहिजे. आई निरक्षर असली तरी ती ऐकू शकते. ‘आज काय वाचलेस ते मला वाचून दाखव’ असे तिने म्हणणे, ही मुलासाठी मोठी गोष्ट असते. पालकांना शाळेत बोलावून केवळ तक्रार सांगितली, तर मुलाला घरी मार बसतो. त्याऐवजी मुलाला जे येऊ लागले आहे ते त्याच्याकडूनच आईवडिलांना वाचून दाखवावयास लावावे.

वेळेचा हिशेब

इतके सारे करावयास वेळ कोठून आणावा, हा प्रश्न शिक्षक विचारतात आणि तो रास्त आहे. चाळीस मुलांच्या वर्गात समजा बारा मुले मागे आहेत. शाळा आठवड्यातून सहा दिवस भरत असेल, तर रोज दोन मुलांचे प्रत्येकी पाच मिनिटे वाचन ऐकल्यास बाराही मुले आठवड्यातून एकदा पाहून होतात. उरलेल्या अठ्ठावीस मुलांना महिन्यातून एकदा पाहावे. त्यासाठी रोज एक किंवा दोन मुले पुरतात. हे काम दिवसाला वीस मिनिटांहून अधिक नाही. तेवढा वेळ बाकीची मुले जोडीजोडीने वाचू शकतात.

नोंदवहीत प्रत्येक मुलासाठी एक पान असावे आणि त्यात चारच रकाने असावेत : दिनांक, काय वाचले, कोठे अडले, पुढे काय करावयाचे. चौथा रकाना रिकामा राहू नये. तो रिकामा राहत असेल, तर पहिल्या तिन्हींचा उपयोग नाही.

इतके करूनही काही मुले पुढे सरकत नाहीत. अशा मुलांची दृष्टी व श्रवणशक्ती प्रथम तपासून घ्यावी. फळा न दिसणारी आणि शिक्षकांचे बोलणे नीट न ऐकू येणारी मुले पुष्कळदा ‘लक्ष देत नाहीत’ या सदरात टाकली गेलेली असतात. काही महिने नियमित व पातळीला अनुसरून शिकवूनही अक्षर आणि ध्वनी यांची सांगड बसत नसेल, तर अध्ययन-अक्षमतेची शक्यता लक्षात घेऊन मुलाला तज्ज्ञाकडे न्यावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अशा अक्षमतेस मान्यता दिली आहे. मात्र हा निष्कर्ष शिक्षकाने स्वतः काढू नये आणि आरंभीच काढू नये. साप्ताहिक नोंदी अशा वेळी तज्ज्ञालाही मार्गदर्शक ठरतात.

प्रत्येक मुलास तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट ‘निपुण भारत’ या २०२१ मध्ये सुरू झालेल्या योजनेने देशापुढे ठेवले. उद्दिष्टे देशासाठी ठरविली जातात. ती पुरी होतात एकेका मुलाच्या शेजारी. मागे पडलेल्या मुलाला शाळेकडून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असतात. आपण नेमके कोठे अडलो आहोत, हे कोणाला तरी कळावे, ही पहिली. कळल्यावर त्या माणसाने आपल्याला टाकून देऊ नये, ही दुसरी. पहिलीसाठी पारखी नजर लागते आणि दुसरीसाठी धीर लागतो. ज्या शिक्षकाच्या ठायी या दोन्ही गोष्टी आहेत, त्याच्या वर्गात मुले आपले अज्ञान लपवीत नाहीत. जे अज्ञान लपविले जात नाही, ते दूर करण्याचा मार्ग मोकळा असतो.